सरासरी आयुष्य २३ वर्षं होतं म्हणजे लोक तेविसाव्या वर्षी मरायचे का?

कुठल्याही घराण्याची जुनी वंशावळ काढून बघा, त्यात एखादा धोंडू, दगडू नाहीतर केरू सापडतोच. ही नावं भीतीपोटी ठेवलेली असायची. आधीची दोन-तीन पोरं दगावली की पुढच्याला मुद्दाम असं नाव द्यायचे, म्हणजे ते कुणाच्या नजरेत भरायचं नाही आणि काळ त्याला दगडधोंडा समजून पुढे जाईल. भारतातलं सरासरी आयुष्य शंभर-सव्वाशे वर्षांत कसं बदललं हे समजून घ्यायचं असेल तर माझ्या मते सुरुवात या नावांपासूनच करायला हवी, कारण आकड्यांचे तक्ते जे सांगतात तेच ही नावं सांगतात, फक्त तक्ता वाचून पोटात कालवत नाही आणि नावामागची गोष्ट कळली की कालवतं.

आता आकडे. जनगणनेवरून काढलेल्या हिशोबानुसार १९०१ ते १९११ या काळात भारतातलं जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुष्य, ज्याला आपण सरासरी आयुष्य म्हणतो, होतं साधारण २३ वर्षं. १९११-२१ मध्ये ते आणखी खाली गेलं, २० वर. १९४१-५१ मध्ये ३२, १९७०-७५ मध्ये जवळपास ५०, आणि २०१६-२० मध्ये ७०. म्हणजे शंभर वर्षांत तिपटीहून जास्त.

हे आकडे ऐकल्यावर लोक दोन टोकांच्या गोष्टी बोलतात. एकजण म्हणतो की छे, हे खोटं आहे, माझे पणजोबा पंच्याण्णव वर्षं जगले, पूर्वीचं खाणंपिणं शुद्ध होतं, माणसं काटक होती, आता चाळिशीत हार्ट अटॅक येतात. दुसरा म्हणतो बापरे, म्हणजे तेव्हा वीस-बावीस वर्षांचा माणूस म्हणजे म्हातारा का? दोघांचंही चुकतंय, आणि चूक एकाच ठिकाणी होतेय, ‘सरासरी’ या शब्दापाशी.

एक सोपा हिशोब करू. समजा एका गावात दहा मुलं जन्मली. त्यातली चार पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास गेली आणि उरलेली सहा बरोब्बर साठ वर्षं जगली. चार गुणिले एक म्हणजे ४, सहा गुणिले साठ म्हणजे ३६०, बेरीज ३६४, भागिले दहा, सरासरी आली साडेछत्तीसच्या आसपास. आता त्या गावात छत्तिसाव्या वर्षी कोण मेलं? एकही जण नाही. छत्तीस हा आकडा फक्त कागदावर आहे, गावात एक तर तान्ही बाळं जातायत नाहीतर म्हातारी माणसं.

आता याच गावात काहीतरी सुधारणा झाली आणि चारऐवजी एकच बाळ गेलं, बाकी नऊ जण पूर्वीसारखेच साठ वर्षं जगले. सरासरी होते ५४. बघा, म्हातारी माणसं एक दिवसही जास्त जगली नाहीत, तरी सरासरी जवळपास अठरा वर्षांनी वाढली. उलट करून बघा, बाळं पूर्वीसारखीच चार गेली पण म्हाताऱ्यांना पाच वर्षं जास्त मिळाली, साठऐवजी पासष्ट, तर सरासरी जाते फक्त ३९ वर. सगळी मेख इथेच आहे. एका बाळाचा जीव वाचला की बेरजेत जवळपास साठ वर्षांची भर पडते, आणि एका आजोबांना पाच वर्षं जास्त मिळाली की पाचाचीच.

म्हणून पंच्याण्णव वर्षांचे पणजोबा खरे आणि २३ ची सरासरीही खरी. पणजोबा आठवतात कारण ते जगले, त्यांचा फोटो आहे, त्यांच्या गोष्टी आहेत. त्यांची जी भावंडं पाळण्यातच गेली त्यांचा फोटो तर नाहीच, बऱ्याचदा नावसुद्धा नाही, कारण बारसं बाराव्या दिवशी आणि बाळ गेलं आठव्या दिवशी. आपण जिवंत राहिलेल्यांवरून त्या काळाचा अंदाज बांधतो आणि म्हणून तो काळ निरोगी वाटतो.

स्वातंत्र्याच्या थोडं आधी, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. देशाच्या आरोग्याची एवढी सखोल पाहणी त्याआधी झाली नव्हती. त्यात एक गोष्ट नोंदवलीय की देशातल्या एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे मृत्यू दहा वर्षांखालच्या मुलांचे होते. निम्मे! आज आपण कुणाच्या मयताला जातो तेव्हा गेलेली व्यक्ती वयस्कर असेल असं गृहीत धरूनच निघतो. तेव्हा तसं धरताच येत नव्हतं. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ या आशीर्वादात आठ का, हे मला हा आकडा वाचल्यावर वेगळ्या रीतीने कळलं.

बरं, मग १९११-२१ मध्ये आयुष्य खाली का गेलं? त्याच्या आधी १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला होता, गाठीचा ताप, आणि तो देशभर पसरून पुढची वीसेक वर्षं रेंगाळला, एक कोटीच्या वर माणसं त्यात गेली. मग १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा आला. आपल्याकडचे जुने लोक त्याला मानमोडीची साथ म्हणायचे. जूनमध्ये मुंबई बंदरातून पहिली लाट, ती तशी सौम्य, आणि सप्टेंबरपासून दुसरी, ती भयंकर. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महाग, लोक आधीच अर्धपोटी. भारतात किती मेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. आणि ही साथ विचित्र होती, ती नेहमीसारखी फक्त पोरं आणि म्हातारे नेत नव्हती तर वीस ते चाळीस वयाची धट्टीकट्टी माणसं नेत होती, म्हणजे घरातलं कमावतं माणूस किंवा लेकुरवाळी आई. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. भारताच्या जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच झालंय. म्हणून लोकसंख्येचा अभ्यास करणारे १९२१ ला महाविभाजक वर्ष म्हणतात, त्याच्या आधी लोकसंख्या वर-खाली हेलकावे खायची, त्याच्यानंतर ती वाढतच गेली.

इथे थोडं थांबून हा आकडा काढतात कसा ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचा गोंधळ सुटत नाही. अपेक्षित आयुष्य काढताना आज जन्मलेल्या मुलांचा सत्तर वर्षं पाठलाग करत नाहीत, तेवढा वेळ कुणाकडे नाही. करतात असं की एक लाख बाळं मनात धरायची, त्यांना या वर्षीचा बालमृत्यूचा दर लावायचा, उरलेल्यांना एक ते चार वयाचा या वर्षीचाच दर लावायचा, उरलेल्यांना पाच ते नऊचा, असं करत करत शेवटचं माणूस संपेपर्यंत जायचं आणि सगळी मिळून जितकी वर्षं जगली त्या बेरजेला एक लाखाने भागायचं. थोडक्यात, या वर्षी जी परिस्थिती आहे तीच कायम राहिली तर आज जन्मलेलं मूल सरासरी किती जगेल, असा तो प्रश्न आहे. आणि परिस्थिती कायम कधीच राहत नाही. त्यामुळे हा आकडा म्हणजे भविष्यवाणी नव्हे, आजच्या दिवसाचा तो थर्मामीटर आहे.

कोविडमध्ये हे स्पष्ट दिसलं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताचं अपेक्षित आयुष्य २०१९ मध्ये ७१ च्या जवळ होतं, २०२१ मध्ये ते ६७ च्या आसपास आलं आणि २०२३ मध्ये ७२ झालं. २०२१ मध्ये जन्मलेली मुलं चार वर्षं कमी जगणार आहेत असा त्याचा अर्थ मुळीच नाही. त्या वर्षी मृत्यू फार झाले, थर्मामीटरने ताप दाखवला, एवढंच. ज्यांच्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं त्यांच्यासाठी मात्र ‘एवढंच’ हा शब्द चालत नाही, हे मला लिहितानाही जाणवतंय.

आणि हे मृत्यू मोजतं कोण? आपल्याकडे १९६९ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आहे पण बरीच वर्षं नोंदणी अर्धवट होती, अजूनही काही राज्यांत कच्ची आहे. म्हणून नमुना नोंदणी पद्धत वापरतात. देशभरातली काही हजार गावं आणि शहरांतल्या वस्त्या निवडलेल्या असतात, तिथे एक स्थानिक माणूस प्रत्येक जन्म आणि मृत्यू लिहीत राहतो, आणि दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्रपणे येऊन घरोघरी विचारतो. दोघांच्या याद्या जुळवतात, फरक आला तर पुन्हा त्या घरी जाऊन खात्री करतात. ही साधी युक्ती आहे पण तिच्यामुळेच १९७० नंतरचे आकडे बऱ्यापैकी भरवशाचे आहेत.

आता मूळ प्रश्न, ३२ वरून ७० झालं कशामुळे. लोकांना वाटतं मोठी हॉस्पिटलं, ऑपरेशन, नवीन मशीन. त्यांचा वाटा आहे पण फार उशिराचा आणि त्या मानाने थोडा. ज्यांनी सरासरी उचलली ती कामं स्वस्तातली, कंटाळवाणी आणि गावोगाव करायची होती.

पहिलं हिवताप. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाखांच्या आसपास मरायचे. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घराघरात भिंतींवर डीडीटी फवारणी, आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले. मग सगळ्यांना वाटलं झालं काम, लक्ष हटलं, डासही डीडीटीला दाद देईनासे झाले आणि १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर. म्हणजे हा आलेख सरळ वर जाणारी रेघ नाही, हात सैल सोडला की खाली येतो.

दुसरं देवी. दंडावर देवी टोचल्याचा गोल व्रण असलेली माणसं अजून आपल्या घरात आहेत. मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण सापडला, त्यानंतर हा रोग इथे नाही. पोलिओला वेळ लागला, २०११ ला शेवटचा रुग्ण आणि २०१४ ला प्रमाणपत्र.

तिसरी गोष्ट माझ्या सगळ्यात आवडीची, मीठ-साखरेचं पाणी. हगवण आणि पटकी यांनी पोरं मरायची ती जंतूपेक्षा अंगातलं पाणी संपल्यामुळे. नुसतं पाणी पाजलं तर ते आतड्यात शोषलं जात नाही. पण आतड्याच्या भिंतीत एक दार असं असतं की जिथून ग्लुकोज आणि मीठ जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं, आणि पटकी झालेली असतानासुद्धा हे दार चालू असतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातात दिलं, पाजत राहा म्हणाले. मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. इंजेक्शन नाही, डॉक्टर शेजारी बसलेला नाही, आई वाटीने पाजतेय. आज ओआरएसचं पाकीट आपण किती सहज आणतो.

चौथं धनुर्वात. नाळ कापायला जे हाताला येईल ते वापरायचे, विळा, कधी ब्लेड, आणि आठवड्याभरात बाळ दूध ओढायचं बंद करायचं, अंग ताठ व्हायचं आणि जायचं. पाचवीला सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते अशी समजूत आहे, आणि बाळाला सगळ्यात मोठा धोका असायचा तोही याच दिवसांत. गरोदरपणी आईला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं की तिच्या रक्तातून संरक्षण बाळाला जातं, त्यात स्वच्छ ब्लेड आणि दवाखान्यातलं बाळंतपण, एवढ्यावर हा रोग इतका कमी झाला की २०१५ मध्ये नवजात बाळांमधला धनुर्वात देशातून हटल्याचं जाहीर झालं.

दुष्काळाचंही सांगायला पाहिजे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं गेली. १९७२ ला महाराष्ट्रात मोठं अवर्षण झालं, ते दिवस पाहिलेले लोक लाल मिलो (बाहेरून आलेली ज्वारी) आणि सुकडी (वाटला जाणारा पौष्टिक खाऊ) यांच्या गोष्टी सांगतात, १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख लोक खडी फोडायला आणि रस्त्याच्या कामावर होते. हाल फार झाले पण बंगालसारखी लाखांनी माणसं मेली नाहीत, कारण हाताला काम आणि कामाला दाम होता.

या सगळ्याचा परिणाम एका आकड्यात बघायचा तर बालमृत्यू दर. १९७१ मध्ये हजार बाळांमागे १२९ बाळं पहिल्या वर्षात जायची, २०२० मध्ये २८. सरासरी आयुष्य वर गेलं त्याचा सगळ्यात मोठा तुकडा इथे आहे.

बायकांचं वेगळं सांगतो. जगात जवळपास सगळीकडे बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, निसर्गतःच त्यांचं शरीर चिवट असतं. आपल्याकडे मात्र १९७०-७५ मध्येसुद्धा पुरुष साडेपन्नास आणि बायका ४९ असं उलटं होतं. निसर्गाने दिलेली आघाडी समाजाने काढून घेतली होती, मुलगी आजारी पडली तर उशिरा दवाखाना, ताटात शेवटी उरेल ते, लहान वयात लग्न, एकामागून एक बाळंतपणं, अंगात रक्त नाही. १९८१-८५ च्या सुमारास बायका पहिल्यांदा थोड्या पुढे गेल्या. २०१६-२० मध्ये बायका ७१.४ आणि पुरुष ६८.६. बाळंतपणात मरणाऱ्या आयांचं प्रमाण १९९७-९८ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३९८ होतं, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आलं. मला विचाराल तर या अख्ख्या गोष्टीत देशाने सगळ्यात जास्त समाधान मानावं असा बदल हाच आहे, आणि २०१८-२० मध्येही ते ९७ होतं हे विसरू नये.

आता देशाची सरासरी म्हणजे पुन्हा सरासरीच, तिच्या पोटात वेगवेगळे देश आहेत. १९७०-७५ मध्ये केरळात जन्मलेलं मूल ६२ वर्षांची अपेक्षा घेऊन यायचं आणि उत्तर प्रदेशातलं ४३ ची, एकाच देशात १९ वर्षांचा फरक. महाराष्ट्र तेव्हा ५४ च्या जवळ होता. २०१४-१८ मध्ये केरळ ७५, महाराष्ट्र साडेबहात्तर, उत्तर प्रदेश ६५ च्या आसपास, म्हणजे फरक १९ वरून दहावर आला. केरळ काही श्रीमंत राज्य नव्हतं त्या वेळी. पण तिथल्या बायका लिहायला-वाचायला शिकलेल्या होत्या, चालत जाण्याच्या अंतरावर आरोग्य केंद्र होतं आणि तिथे नर्स नसली तर लोक जाब विचारायचे. शिकलेली आई बाळाचा ताप आणि त्याचा धापेचा श्वास यातला फरक लवकर ओळखते आणि लवकर घराबाहेर पडते, हे ऐकायला साधं आहे पण आकड्यांत ते प्रचंड मोठं दिसतं.

आपल्याच राज्यात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी जे केलं तेही याच जातीचं काम. ३९ गावांत तिथल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं, बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं करायचं, न्यूमोनिया कसा ओळखायचा, जंतुसंसर्गाला इंजेक्शन कसं द्यायचं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ मध्ये छापून आलं आणि पुढे आशाताईंच्या घरभेटी त्याच धर्तीवर देशभर सुरू झाल्या.

आता सरासरी पुढे कशी वाढणार? बाळं वाचवून मिळणारी वाढ हळूहळू संपत चाललीय. सगळीकडे नाही, २०२० मध्ये केरळचा बालमृत्यू दर ६ आणि मध्य प्रदेशचा ४३ होता, त्यामुळे मध्य भारतात अजून पुष्कळ जीव वाचवायचे बाकी आहेत आणि ते कसे वाचवायचे हे आपल्याला माहीत आहे. पण बाकी देशात मरणाची कारणंच बदलली. १९९० मध्ये एकूण मृत्यूंपैकी ३८ टक्के हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कॅन्सर, दमा अशा असंसर्गजन्य रोगांनी व्हायचे, २०१६ मध्ये ६२ टक्के. म्हणजे ‘आता चाळिशीत अटॅक येतात’ म्हणणारा माणूस बघतोय ते खरं आहे, फक्त त्याचा पूर्वीचा काळ खोटा आहे. आज चाळिशीत गोळ्या खाणारी कितीतरी माणसं तेव्हा चाळिशीपर्यंत पोचलीच नसती.

आणि या बाजूला आपली प्रगती खरंच मंद आहे. साठीला पोचलेल्या माणसाला १९७०-७५ मध्ये पुढे साधारण चौदा वर्षं मिळायची, आता साधारण अठरा. जन्माच्या वेळचं आयुष्य त्याच काळात वीस वर्षांनी वाढलं आणि साठीनंतरचं चारेक वर्षांनी. ब्लडप्रेशर वेळेत मोजणं, गोळी रोज घेणं, तंबाखू सुटणं, ही कामं एका लसीने किंवा एका फवारणीने होत नाहीत, ती तीस-तीस वर्षं करत राहावी लागतात.

या अठराच्या आकड्यातून आणखी एक गैरसमज सुटतो, तो बऱ्याच निवृत्त मंडळींना असतो. सरासरी ७० आहे आणि मी ६० चा झालो म्हणजे माझी दहा वर्षं राहिली, असा हिशोब करून लोक पैशांची तजवीजही तशीच करतात. पण ७० ची सरासरी पाळण्यात गेलेल्या बाळांना आणि तरुणपणी अपघातात गेलेल्यांना धरून आहे. तुम्ही ते सगळे टप्पे ओलांडून आलेले असता. साठीच्या माणसाने बघायचा आकडा ६० अधिक १८ असा आहे, अठ्ठ्याहत्तर, बायकांसाठी त्याहून थोडा जास्त, आणि तीही सरासरीच, म्हणजे बरेच जण ऐंशीच्या पुढे जातात. पेन्शन, औषधपाणी, जिने चढायचं घर, सगळं त्या हिशोबाने बघायला लागतं.